पाठीला आधी कळतं

१९६१ साली कॅलिफोर्नियात ल्यूकस आणि ब्रेसलर या दोन संशोधकांनी मृतदेहातून काढलेला माणसाचा कणा उभा केला. मणके, मणक्यांमधल्या गाद्या, त्यांना एकमेकांशी बांधणारे अस्थिबंध, सगळं जागच्या जागी होतं. काढून टाकले होते ते फक्त स्नायू. कण्याचं बूड घट्ट बसवलं आणि वरून हळूहळू भार द्यायला सुरुवात केली. जेमतेम दोन किलोवर कणा वाकून कलंडला.

आपलं नुसतं डोकंच साडेचार-पाच किलोचं असतं.

कणा हा शरीराचा आधारस्तंभ, असं आपण शाळेत घोकलेलं असतं. पण हा स्तंभ एकट्याच्या बळावर स्वतःच्या मालकाचं डोकंही पेलू शकत नाही. मग आपण उभे राहतो कसे? चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचं उत्तर लवकर उमजेल. ती उंच काठी एक जण अंगावर तोलतो आणि काठीला बांधलेले दोर चहूबाजूंनी माणसांच्या हातांत असतात. काठी डावीकडे कलली की उजवीकडचा दोर ताणायचा, डावीकडचा सैल सोडायचा. गर्दीचे डोळे काठीवर असतात, पण ती उभी असते दोरवाल्यांच्या जिवावर. आपली काठी तर अखंडही नाही. हलणाऱ्या २४ मणक्यांची चळत आहे. तिचे दोर म्हणजे पाठीचे स्नायू.

हे दोर एकावर एक थरांत रचलेले आहेत. आंद्रेआस व्हेसालियसने १५४३ साली छापलेल्या शरीररचनेच्या ग्रंथात ते क्रमाने उलगडून दाखवले. त्यातली काही माणसं निसर्गदृश्यासमोर पाठमोरी उभी आहेत आणि पानागणिक त्यांच्या पाठीवरचा एकेक थर सोलला जातो. आपणही त्याच वाटेने आत जाऊ. मात्र पहिल्याच थरापाशी एक धक्का बसतो. पाठीवर सर्वांत ठळक दिसणारे स्नायू मुळात पाठीचे नाहीतच. ते हातांचे आहेत.

मानेपासून दोन्ही खांद्यांपर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस घ्या. खांदे उडवतो, हात डोक्यावर नेताना खांद्याचं पातं फिरवतो, तो हा. त्याच्या खाली पात्याला कण्याकडे ओढणारे ऱ्हॉम्बॉइड असतात. कंबरेपासून काखेपर्यंत गेलेला, पाठीवरचा सर्वांत रुंद स्नायू म्हणजे लॅटिसिमस डॉर्सी. तो सुरू होतो कण्यावर, कमरेच्या हाडावर आणि खालच्या बरगड्यांवर, आणि जाऊन चिकटतो दंडाच्या हाडाला. काखेच्या मागच्या बाजूला चिमटीत धरता येतो तो जाड पदर बराचसा त्याचाच. हात मोकळा असेल तर तो हाताला खाली आणि मागे ओढतो. हात कशावर तरी घट्ट असेल, तर तोच अख्खं धड हाताकडे ओढून घेतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवं रूप दिलं, त्यावर सरसर चढणाऱ्या पोरांच्या पाठीवर जी पंख्यासारखी घडी उमटते, ती याची. जोरात खोकताना दोन्ही बाजूंनी आवळला जातो तोही हाच. म्हणून खोकल्याची लांबलेली उबळ ओसरली की बरगड्यांच्या मागे दुखत राहतं.

हे स्नायू हातांचे कशावरून? नसांवरून. स्नायू कुठेही जाऊन वसला, तरी त्याची नस त्याचं मूळ गाव सांगते. लॅटिसिमसचा खालचा काठ कमरेच्या हाडाला टेकतो, पण त्याची नस निघते थेट मानेतून, हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्यातून. गर्भात या स्नायूच्या पेशी आधी हाताच्या अंकुरात शिरतात आणि मग तिथून माघारी वळून धडावर पसरतात. जाताना आपली नस मागे खेचत नेतात. ट्रॅपेझियसची कथा याहून विलक्षण. त्याला चालवणारी नस मानेतल्या मज्जारज्जूतून निघते, वर कवटीत शिरते आणि दुसऱ्या छिद्रातून पुन्हा खाली मानेत उतरते. इतका वळसा कशाला? कारण हा स्नायू फार जुन्या घराण्यातला आहे. शार्कच्या कल्ल्यांमागे एक स्नायू असतो, त्याच्याशी याचं नातं जुळतं. पाण्यातल्या पूर्वजांकडे कल्ल्यांच्या शेजारी असलेला हा स्नायू आपल्याकडे खांद्यावर येऊन बसला आणि नस मात्र अजून जुन्याच वाटेने येते.

वरच्या थरातले स्नायू असे पाहुणे असल्याचा शल्यचिकित्सकांनी पुरेपूर फायदा घेतला आहे. इटलीतल्या इजिनिओ तान्सिनी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॅटिसिमस त्वचेसकट, त्याची रक्तवाहिनी न तोडता, पुढे छातीवर वळवला आणि कर्करोगामुळे स्तन काढल्यावर उरलेली जखम झाकली. स्तनाच्या पुनर्रचनेसाठी ही पद्धत आजही वापरतात. पॅरिसमध्ये आलँ कार्पान्तिए यांनी १९८५ साली त्यापुढची मजल गाठली. हाच स्नायू त्यांनी पाठीवरून सोडवला, छातीच्या पिंजऱ्यात नेला आणि दुबळ्या हृदयाभोवती गुंडाळला. पेसमेकरसारखं उपकरण हृदयाच्या तालावर त्याला आकुंचन पावायला लावू लागलं. पाठीचा स्नायू हृदयासारखा अहोरात्र राबेल कसा? काही आठवडे त्याला ठरावीक विजेचे झटके देत राहिलं, की त्याचे लवकर थकणारे तंतू हळूहळू न थकणाऱ्या जातीचे बनतात. पुढे औषधं आणि यंत्रं सुधारली, तशी ही शस्त्रक्रिया मागे पडली. पण दंड ओढणाऱ्या स्नायूला हृदयाचं काम शिकवता येतं, हे तिने दाखवून दिलं.

पाहुणे बाजूला सारले की खरी पाठ दिसते.

तिची ओळख करून घ्यायला मासळी बाजारात जाणं उत्तम. सुरमईची आडवी कापलेली गोल तुकडी हातात घ्या. मध्ये काटा, आणि त्याच्याभोवती मांसाचे चार भाग: दोन वर, पाठीकडे, दोन खाली, पोटाकडे. वरचे आणि खालचे भाग एका पातळ पडद्याने वेगळे झालेले असतात. तुकडी शिजली की मांस पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतं, कारण माशाचं अंग डोक्यापासून शेपटीपर्यंत एकामागे एक स्नायूखंडांचं बनलेलं असतं आणि त्यांना जोडणारे पडदे उष्णतेने विरघळतात. या तुकडीतले वरचे दोन भाग म्हणजे आपली खरी पाठ. खालच्या भागांतून आपलं पोट, छाती आणि हातपाय यांचे स्नायू आले. माणसाच्या गर्भातही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाठीच्या दोन्ही अंगांना असेच खंड ओळीने उमटतात, चाळीसहून अधिक जोड्या. कण्यातून निघणारी प्रत्येक नस बाहेर पडताच दोन फांद्यांत फुटते. मागची फांदी खऱ्या पाठीला, पुढची बाकी सगळ्याला. सुरमईतला पडदा आपल्याला दिसत नाही, पण नसांनी ती वाटणी जशीच्या तशी जपली आहे.

मासा पोहतो तो अंग डावी-उजवीकडे वळवत. जमिनीवर धावू लागलेल्या सस्तन प्राण्यांची पाठ वर-खाली वाकायला शिकली; चित्त्याची झेप त्यातूनच येते. त्यांच्यातले काही पुढे परत समुद्रात गेले, तेव्हा ही सवयही घेऊन गेले. म्हणून कोकणच्या एकाच पाण्यात सुरमई शेपूट आडवी मारते आणि डॉल्फिन वर-खाली. डॉल्फिनला वर उसळवणारी ताकद त्याच्या पाठीच्या स्नायूंची, म्हणजे आपल्या कण्यालगत उभ्या असलेल्या स्नायूंच्या भाऊबंदांची असते.

माणसात यातले बरेच खंड एकमेकांत मिसळून लांबलचक दोर झाले. कण्याच्या दोन्ही बाजूंना, माकडहाडाच्या वरपासून थेट कवटीपर्यंत तीन-तीन उभ्या रांगा जातात. त्यांचं एकत्रित नाव इरेक्टर स्पायनी. सडपातळ माणसाच्या पाठीवर मधल्या पन्हळीच्या दोन्ही बाजूंना जे दोन उंचवटे दिसतात, ते हेच. त्यांच्याही खाली मल्टिफिडस असतो: तिरपा, आखूड, दोन-चार मणके ओलांडून पुढच्याला धरणारा, कमरेत सर्वांत जाड. आणि अगदी तळाशी, एका मणक्यापासून शेजारच्या मणक्यापर्यंतच पोहोचणारे बोटाच्या पेराएवढे स्नायू. माशाच्या खंडांची मूळ रचना याच चिमुकल्यांनी सांभाळली आहे.

आता अंगठे कामाला लावू. सरळ उभे राहा, दोन्ही अंगठे कमरेत कण्याच्या दोन बाजूंना दाबून ठेवा आणि जागच्या जागी पावलं टाका. अंगठ्यांखालचे उंचवटे आळीपाळीने टणक आणि मऊ होतील. पाऊल उचललं की धड एका पायावर तोलायचं असतं. एक दोर ताणला जातो, दुसरा सैल पडतो. चालताना प्रत्येक वेळी टाच टेकली की हे स्नायू धडाला पुढे पडण्यापासून सावरतात. दिवसभरात हजारो वेळा, आपल्याला पत्ताही लागू न देता. मात्र स्वस्थ, सरळ उभं असताना त्यांना फारसं काम नसतं. काठी नीट तोललेली असली की दोर हलके धरले तरी चालतात.

काठी कलली की हिशेब बदलतो, आणि फार महाग पडतो. इरेक्टर स्पायनी मणक्याच्या फिरण्याच्या बिंदूपासून साधारण पाच सेंटीमीटर मागे आहे. हातात २० किलोचं पोतं कण्यापासून ४० सेंटीमीटर पुढे धरलं, तर तरफेच्या नियमाने या स्नायूंना त्याच्या आठपट, म्हणजे १६० किलोइतक्या जोराने मागे ओढावं लागतं. पुढे झुकलेल्या धडाचं वजन वेगळंच. सतराव्या शतकात नेपल्समध्ये जन्मलेल्या जोव्हान्नी अल्फोन्सो बोरेल्लीने प्राण्यांच्या हालचालींवर ग्रंथ लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १६८० च्या सुमारास छापला गेला. ओझं वाहणाऱ्या माणसाचा कणा त्याने त्यात गणिताने मांडला आणि दाखवलं, की स्नायूंना उचललेल्या ओझ्याहून कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. हा जोर कण्यालाच चिरडत असतो, कारण मागून ओढणारा दोर काठीला खालीही दाबतो.

हा दाब प्रत्यक्ष मोजलाही गेला आहे. १९६० च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून तो नोंदवला. १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या गादीत बारीक संवेदक बसवला आणि त्याला दिवसभराची नेहमीची कामं करायला लावली. झोपलेला असताना दाब हवेच्या दाबाइतकाच होता. उभा राहिल्यावर पाचपट. २० किलोचं ओझं छातीशी धरल्यावर ११ पट; तेच ओझं ६० सेंटीमीटर लांब धरल्यावर १८ पट. पाठ गोल करून ते जमिनीवरून उचलताना २३ पट, गुडघे वाकवून उचलताना १७ पट. ओझं एकच, पण अंतर बदललं की किंमत बदलते.

ही विद्या ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, ते आकडे न वाचताही ती जाणतात. बाजार समितीतला हमाल पोतं हातांवर घेत नाही. मानेच्या मागे, पाठीच्या वरच्या भागावर घेतो आणि स्वतः पुढे झुकतो, म्हणजे ओझ्याची रेषा कमरेजवळून खाली पावलांत उतरते. डोक्यावर चुंबळ ठेवून भरलेली घागर नेणाऱ्या बाईने तर तरफच मोडून टाकलेली असते. ओझं कण्याच्या थेट वर असल्याने पाठीच्या स्नायूंना मागे ओढायचं काम जवळजवळ उरतच नाही. फक्त तोल राखायचा. कण्यावर भार पडतोच, आणि वर्षानुवर्षांच्या ओझ्याची किंमत मान मोजतेच. पण तरफेचा दंड तेवढा वाचतो.

आता अंगठे पुन्हा कमरेत ठेवा, आणि कंबर दुखत नसेल तर हळूहळू पुढे वाका. आधी उंचवटे टणक होत जातील, वाढत्या ओझ्याशी झुंजत. मग पार खाली, हात पावलांजवळ लोंबू लागले, की ते अचानक मऊ पडतील. सर्वांत जास्त वाकलेले असताना पाठीचे हे स्नायू चक्क स्वस्थ बसतात. फ्लॉइड आणि सिल्व्हर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५५ साली स्नायूंमधली वीज नोंदवून हे सिद्ध केलं: पूर्ण वाकलं की इरेक्टर स्पायनीतले विजेचे संकेत थांबतात आणि धडाचं ओझं ताणलेले अस्थिबंध व स्नायूंचा निष्क्रिय ताण पेलतात. भात लावताना तासन्‌तास वाकणाऱ्या माणसाला म्हणूनच वाकलेलं असण्यापेक्षा पुन्हा सरळ होणं जड जातं. जुनी कंबरदुखी असलेल्या अनेकांत ही शांतता येतच नाही. त्यांचे स्नायू वाकल्यावरही पकड सोडायला तयार नसतात.

मल्टिफिडसचा स्वभाव याला पूरक आहे. बहुतेक स्नायू फार ताणले की दुबळे पडतात. २००९ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या संशोधकांनी दाखवलं, की मल्टिफिडसचे तंतू सरळ उभं असताना आखडलेल्या स्थितीत असतात आणि आपण वाकू लागलो की त्यांचं बळ वाढत जातं. काठी जितकी कलेल, तितका हा दोर जोमाने ओढतो.

पण पाठीची खरी करामत जोरात नाही, वेळ साधण्यात आहे. १९६७ साली मॉस्कोत बेलेन्की, गुरफिंकेल आणि पाल्तसेव यांनी उभ्या असलेल्या माणसांना इशारा होताच हात वर करायला सांगितलं आणि वेगवेगळ्या स्नायूंमधली वीज नोंदवली. हात उचलतो खांद्याचा स्नायू, तेव्हा आधी जाग यायला हवी ती त्याला. प्रत्यक्षात पाय आणि पाठीचे स्नायू त्याच्याही आधी कामाला लागले होते, सेकंदाच्या काही शतांशांनी. हात पुढे गेला की तोल पुढे जाणार, हे मज्जासंस्थेला ठाऊक असतं. हात हलण्यापूर्वीच ती दोर ताणून ठेवते. रिकामा गॅस सिलिंडर भरलेला समजून उचलताना आपण मागे झोकांडतो, ते याच हिशेबामुळे: पाठीने भरलेल्या सिलिंडरची तयारी केलेली असते. पायरी संपली असताना आणखी एक असेल असं वाटून पाऊल टाकलं की बसणारा हिसकाही त्यातलाच.

इतका नेमका अंदाज बांधायला आधी प्रत्येक मणका या क्षणी कुठे आहे, हे कळावं लागतं. इथे तळाच्या त्या चिमुकल्या स्नायूंचं रहस्य उलगडतं. मणका हलवण्याइतका जोर त्यांच्यात जवळजवळ नाहीच. पण स्नायूची लांबी किती बदलली हे मेंदूला कळवणारी सूक्ष्म ग्रहणेंद्रियं त्यांच्यात शेजारच्या मोठ्या स्नायूंपेक्षा अनेक पटींनी दाट सापडतात. ते ओढण्यापेक्षा मोजण्यासाठीच असावेत. अशा इंद्रियांची सर्वांत दाट वस्ती आहे कवटीच्या बुडाशी, मानेच्या वरच्या टोकाला. तिथे, केस संपतात त्याच्या जरा वर, दोन्ही अंगठे खोल दाबून धरा. डोळे मिटा. डोकं अजिबात न हलवता मिटल्या पापण्यांआड डोळे डावीकडे न्या, मग उजवीकडे. बऱ्याच जणांना अंगठ्यांखाली बारीकशी थरथर जाणवते. नजर वळली की डोकं वळणार, या हिशेबाने मान तयार होऊन बसते.

जे इतकं अंदाजावर चालतं, ते न वापरल्याने बिघडतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ज्युली हाइड्स यांनी १९९० च्या दशकात पहिल्यांदाच कंबर धरलेल्या रुग्णांची अल्ट्रासाउंडने तपासणी केली. ज्या बाजूला, ज्या मणक्यापाशी दुखत होतं, नेमका तिथलाच मल्टिफिडस रोडावलेला आढळला. दुखणं काही आठवड्यांत थांबलं, पण खास व्यायाम न केलेल्यांचा स्नायू आपोआप भरून आला नाही. अंतराळात तर काठीला तोलायचंच नसतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात काही महिने राहून आलेल्या सहा अंतराळवीरांच्या तपासणीत कण्यालगतचं कार्यक्षम स्नायुमांस सुमारे १९ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. गुरुत्वाकर्षण हा पाठीला रोज मिळणारा व्यायामच असतो, आणि तो बंद होताच पाठ आपलं भांडवल मोडू लागते.

आपल्याकडे कमरेत उसण भरली की पहिला सल्ला मिळतो तो पडून राहण्याचा. फिनलंडमधल्या हेलसिंकीत १९९५ साली याची कसोटी घेतली गेली. अचानक कंबर दुखू लागलेल्या कामगारांच्या एका गटाला दोन दिवस अंथरुणावर विश्रांती दिली, दुसऱ्याला पाठीचे ठरावीक व्यायाम, आणि तिसऱ्याला सांगितलं की सोसवेल तेवढी रोजची कामं करत राहा. सर्वांत लवकर सावरला तो तिसरा गट. पायात बधिरपणा वा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणं, ताप, पडल्याचा मार अशी लक्षणं असतील तर वेळ न दवडता डॉक्टर गाठायलाच हवेत. पण साध्या लचकेवर आज जगभरातले डॉक्टर बिछाना सांगत नाहीत, हिंडाफिरायला सांगतात.

पाठीची रचना पाहिली की यात नवल वाटत नाही. दोर किती जाड आहेत यापेक्षा ते केव्हा ताणायचे आणि केव्हा सोडायचे, यावर काठीचा तोल ठरतो. आणि ती वेळ हलत्या शरीरातूनच शिकली जाते, उठता-बसता, वाकता, वळता, चालता. जिममध्ये आरशासमोर आपण जी पाठ कमावतो, ती बरीचशी हातांची असते. तिच्याखालची जुनी, माशांच्या वंशातली पाठ आरशात दिसत नाही. तिला वजनांपेक्षा हालचालींची विविधता हवी असते, कारण तिचं मुख्य काम पुढच्या क्षणाचा अंदाज बांधण्याचं आहे, आणि अंदाज बांधणाऱ्याचा सराव तुटला की तो चुकू लागतो.